वणवा आणि वनपंचायत

वनरक्षण म्हटले की खाकी गणवेशातील रखवालदार आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो. परंतु हिमालयाच्या कुशीतील कुमाऊं प्रांताचा इतिहास काही निराळेच सांगतो. आपले मूळ महाराष्ट्रात सांगणाऱ्या तेथील पंत मंडळींपैकी एक, गोविंद वल्लभ पंत, यांनी १९२२ साली कुमाऊंच्या वनप्रश्नावर एक पुस्तिका लिहिली. पुढे उत्तर प्रदेशाचे मुख्यमंत्री झालेल्या या पुढाऱ्याला त्या वेळी अरण्याचा विचार का करावा लागला?

पहाडी शेतीचा सारा संसार वनावर चालतो. बांज वृक्षाचा पाला गुरांना चारावा, गळलेली पाने गोठ्यात अंथरावीत आणि शेणात मुरलेले ते खत उतारावरील शेतांना द्यावे, ही पिढ्यान्‌पिढ्यांची रीत होय. सरकारची दृष्टी मात्र चीड वृक्षावर होती. कारण त्यापासून राळ आणि रेल्वेचे स्लीपर मिळत. १८९३ साली गावाची मोजणी न झालेली सर्व जमीन संरक्षित वन ठरली. १९११ ते १९१७ या काळात सुमारे तीन हजार चौरस मैल अरण्य राखीव झाले. चराई, पालातोड, नव्या गवतासाठी जमीन भाजणे, या सर्वांवर निर्बंध आले. कालपर्यंत जे आपले होते, त्यात पाऊल टाकणे आज गुन्हा ठरला.

या असंतोषाचा स्फोट १९२१ साली झाला. जानेवारीत मकरसंक्रांतीच्या मेळ्यात बागेश्वर येथे लोकांनी वेठबिगारीच्या वह्या शरयू नदीत बुडविल्या आणि त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात राखीव अरण्ये पेटली. इतिहासकार रामचंद्र गुहा यांनी एक मार्मिक गोष्ट निदर्शनास आणली आहे. आग लागली ती मुख्यत्वे सरकारी उत्पन्नाच्या चीडवनांना. शेतकऱ्याच्या उपयोगाची रुंद पानांची वने बहुतांशी वाचली. हा अविचारी विध्वंस नव्हता, तो एक अर्ज होता. फक्त तो कागदावर लिहिलेला नव्हता!

सरकारने तो वाचला. चौकशी समिती नेमली गेली, अनेक निर्बंध सैल झाले आणि १९३१ साली वनपंचायतींचे नियम निघाले. गावाने पंच निवडावेत, पंचांनी सरपंच निवडावा आणि आपल्या हद्दीतील वनाचा कारभार पाहावा, अशी ही व्यवस्था. गवत कोणत्या दिवशी कापावयाचे, पाला किती तोडावयाचा, हे पंच ठरवीत. नियम मोडणाऱ्यास दंड करीत. अनेक गावे घरपट्टीने वर्गणी काढून स्वतःचा चौकीदार ठेवीत.

आजच्या उत्तराखंडात अशा अकरा हजारांहून अधिक पंचायती आहेत. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात उपग्रहचित्रांवरून असे आढळले की, त्यांची वने सरकारी वनांपेक्षा उणी नाहीत. उलट सरकारी व्यवस्थेचा खर्च मात्र निदान सातपट आहे. असे असूनही १९७६ च्या नियमांनी पंचायतींचे अधिकार आणि उत्पन्न यांवर सरकारी पकड पुन्हा आवळली.

ज्या डोंगरांत वणवे लागले, त्याच डोंगरांतील लोकांनी पुढे वर्गणी काढून अरण्य राखले. माणसे बदलली नव्हती. मधल्या दहा वर्षांत वनावरचा त्यांचा हक्क तेवढा परत आला होता. गावाने वन राखावे, असे ज्यांना वाटते, त्यांनी ते वन गावाचे आहे हे आधी मान्य केले पाहिजे.