जुन्या काळाची वस्त्रे

1839 सालच्या ऑगस्ट महिन्याची 28 तारीख. स्कॉटलंडमधील एअरशर परगण्यात, एग्लिंटनच्या किल्लेवजा वाड्याभोवतीच्या मैदानावर, त्या दिवशी लाखाच्या घरात माणसे जमली होती. इंग्लंडात आगगाड्या धावू लागल्याला कित्येक वर्षे होऊन गेली होती, कापडाच्या गिरण्या धडधडत होत्या; आणि येथे मात्र तरुण उमराव आपादमस्तक पोलादी चिलखते चढवून, हाती लांब भाले घेऊन, चारशे वर्षांपूर्वीच्या शिलेदारांप्रमाणे घोड्यांवरून एकमेकांशी झुंजण्यास सिद्ध झाले होते. एग्लिंटनचा तेरावा अर्ल हा या समारंभाचा यजमान. पुढे फ्रान्सचा सम्राट झालेला लुई नेपोलियन पाहुणा म्हणून हजर होता. मिरवणूक निघण्यास तासन्‌तास उशीर झाला, आणि ती निघते न निघते तोच आभाळ फाटले. मखमली भिजून जड झाल्या, पिसांचे तुरे मानेवर लोळू लागले, सज्जांची छपरे गळू लागली. स्पर्धेचा राजा म्हणून भरजरी झगा घालून घोड्यावर बसलेल्या लंडनडेरीच्या मार्क्विसने अखेर आपली छत्री उघडली. ती छत्री इंग्लंडातील व्यंगचित्रकारांना पुढे कित्येक दिवस पुरली.

या खटाटोपाचे मूळ आदल्या वर्षाच्या एका समारंभात होते. 1838 साली व्हिक्टोरिया राणीचा राज्यारोहण सोहळा झाला, तेव्हा सरकारने काटकसरीपायी जुन्या काळची राजभोजनाची मेजवानी व चिलखतधारी वीराने द्यावयाचे आव्हान हे दोन्ही विधी गाळले. जुन्या घराण्यांतील तरुणांना हे फार लागले. वॉल्टर स्कॉटच्या ‘आयव्हॅन्हो’ कादंबरीवर, म्हणजे 1819 नंतरच्या स्वप्नांवर, वाढलेली ती पिढी होती. सॅम्युएल प्रॅट नावाचा लंडनचा एक जुन्या शस्त्रास्त्रांचा व्यापारी चिलखते पुरवण्यास उत्साहाने पुढे झाला. पहिल्या बैठकीस दीडशेच्या आसपास उमेदवार आले. चिलखत, घोडा, सेवक, तंबू यांच्या खर्चाचा आकडा कळला, आणि प्रत्यक्ष मैदानात उतरले ते पंधराच्या आत. सगळी सोंगे आणता येतात, पण पैशाचे सोंग आणता येत नाही, ही आपल्याकडील म्हण तेथे शब्दशः खरी ठरली. अर्लचा स्वतःचा खर्चच तीस-चाळीस हजार पौंडांवर गेला असे सांगतात.

तथापि या प्रसंगातील खरी लक्षणीय गोष्ट उमरावांची नव्हे, प्रेक्षकांची आहे. बघ्यांनीही शक्य तर जुन्या काळच्या वेषात यावे, अशी यजमानाची विनंती होती, आणि कितीतरी साध्या माणसांनी ती मनावर घेतली. घरातील जुनी पेटी उपसून, पडद्याचे कापड बेतून, कोणी टोपी तर कोणी अंगरखा करून आला. भाल्यांची झुंज त्यांना लढावयाची नव्हती. त्यांना केवळ ते कपडे घालून त्या गर्दीत उभे राहावयाचे होते.

ही हौस कोठून आली? तिची पूर्वतयारी रंगभूमीवर झाली होती. तोपर्यंत ऐतिहासिक नाटकातील राजेसुद्धा बव्हंशी नटाला शोभतील अशा कपड्यांत वावरत. 1823 साली लंडनच्या कॉव्हेंट गार्डन नाट्यगृहात जे. आर. प्लँशे याने शेक्सपिअरच्या ‘किंग जॉन’साठी तेराव्या शतकातील मुद्रा, थडग्यांवरील पुतळे व हस्तलिखितांतील चित्रे पाहून पोशाख बेतले. ती घागरीसारखी शिरस्त्राणे पाहून लोक हसतील या भीतीने नट धास्तावले होते. पडदा वर गेला आणि प्रेक्षकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. प्लँशेने पुढे, 1834 साली, ब्रिटिश पोशाखाचा इतिहासच लिहिला. कपडा हा इतिहासाचा पुरावा आहे, ही जाणीव अशी नाटकाच्या मागल्या दाराने विद्वानांच्या दालनात शिरली.

परंतु ज्या काळाचे हे वेष, त्या काळी ते घालण्याची मुभा कोणास होती, हे पाहिले म्हणजे या हौसेचा अर्थ निराळाच दिसू लागतो. आठव्या हेन्रीच्या 1533 च्या कायद्याने व त्यानंतर एलिझाबेथ राणीने 1574 च्या जून महिन्यात ग्रीनिच येथून काढलेल्या जाहीरनाम्याने, कोणी काय ल्यावे याची बारीक वर्गवारी लावून दिली होती. जांभळे रेशीम आणि सोन्याच्या तारांचे वस्त्र राजघराण्यासाठी. थोरल्या सरदारांना त्यातून थोडी सवलत. मखमल कोणाला, साटीन कोणाला, कोणत्या जनावराची लोकर कोणाच्या गळ्याशी, हे सारे पदवी आणि वार्षिक उत्पन्न पाहून ठरे. स्त्रीची पायरी पतीच्या पायरीवरून. 1571 च्या एका कायद्याने तर सहा वर्षांवरील सामान्य माणसाने रविवारी व सणावारी लोकरी टोपीच घातली पाहिजे, असे फर्मावले. त्यात टोप्या विणणाऱ्यांचे पोट भरावे हाही हेतू होता. हे नियम वारंवार काढावे लागले, यावरून ते वारंवार मोडले जात हे उघडच आहे. 1604 साली पोशाखावरील हे निर्बंध रद्द झाले.

मराठी माणसास हा विचार परका वाटू नये. सातारच्या छत्रपतींकडून ‘पेशवाईची वस्त्रे’ मिळत, तेव्हा कापड मिळत नसे, पद मिळत असे. पालखी व अब्दागिरी हे सरकारातून मिळणारे मान होते. डोक्यावरील पगडी-पागोट्याची घडण पाहून माणसाची जात व गाव ओळखणारे जुने लोक कालपरवापर्यंत होते. वस्त्र म्हणजे माणसाने अंगावर वागवलेला आपला दाखला.

त्या दाखल्याची अदलाबदल करण्याची एकच राजमान्य जागा एलिझाबेथच्या लंडनमध्ये होती, ती म्हणजे नाटकशाळा. थॉमस प्लाटर हा बाझलचा प्रवासी 1599 साली लंडनला आला होता. त्याने लिहून ठेवले आहे की उमराव मरताना आपले उंची कपडे सेवकांस देऊन जातात. सेवकांना ते अंगावर घालणे शोभत नाही, म्हणून ते नटांना स्वस्तात विकतात. म्हणजे रंगमंचावरील ड्यूकच्या अंगावर खरोखरच एखाद्या मृत सरदाराचा अंगरखा असे, आणि आत असे एखाद्या कारागिराचा मुलगा. चार शतकांनंतर भरू लागलेल्या जत्रांचे बीज या व्यवहारात आहे असे म्हटले तर ते फारसे वावगे होणार नाही.

त्या जत्रांचा उगम मात्र इंग्लंडात नव्हे, अमेरिकेत, कॅलिफोर्नियाच्या उन्हात झाला. आणि त्यास निमित्त झाले एक नभोवाणी केंद्र. लॉस एंजेलिसचे केपीएफके हे केंद्र जाहिरातींवर नव्हे, श्रोत्यांच्या वर्गणीवर चाले. फिलिस पॅटरसन ही शिक्षिका लॉरेल कॅन्यन या वस्तीतील मुलांना नाटके शिकवीत असे. तिने व तिचे पती रॉन यांनी, केंद्रासाठी निधी जमावा म्हणून, 1963 च्या मे महिन्यात दोन दिवसांची एक ‘प्रबोधनकालीन’ जत्रा भरवली. आठ हजारांच्या आसपास माणसे आली. गवताच्या पेंढ्या, पताका, भटके गवई, कुंभार, सुतार, आणि शक्य तितक्या सर्वांच्या अंगावर एलिझाबेथच्या काळाचा वेष. जत्रा दरवर्षी भरू लागली, 1966 पासून चित्रपटांच्या चित्रीकरणासाठी राखलेल्या एका जुन्या कुरणावर स्थिरावली, आणि तिच्या अनुकरणाने अमेरिकेत गावोगाव अशा जत्रा उभ्या राहिल्या. त्याच 1966 सालच्या 1 मे रोजी बर्कली येथे मध्ययुगाच्या काही अभ्यासकांनी एका घराच्या परसात लुटुपुटीची झुंज लावली. तीतून निघालेल्या संस्थेत आजही तलवारी वेताच्या असतात; पण अट एकच कडक आहे. येणाऱ्याने सतराव्या शतकापूर्वीच्या पोशाखाचा प्रयत्न तरी केलेला असला पाहिजे. युद्ध खोटे चालते, कपडा खोटा चालत नाही.

असे का व्हावे? याचे उत्तर पुस्तकात सापडत नाही, ते अंगाला कळते. एलिझाबेथच्या काळचा पोशाख म्हणजे एक कपडा नव्हे, तो सुटे भाग जुळवून उभारलेला सांगाडा असे. बाह्या वेगळ्या, छाती आवळणारी ताठ चोळी वेगळी, घेराखालची कड्यांची चौकट वेगळी. पुरुषाची तुमान वरच्या अंगरख्याला बंदांनी बांधलेली असे. बाराबंदीचे बंद बांधलेल्याला यातील कसरत समजावून सांगावी लागणार नाही. स्त्रीच्या वस्त्रांत टाचण्यांचा सुकाळ. साहजिकच एकट्याने ल्यावयाचे हे कपडेच नव्हेत. दुसरे माणूस लागते, आणि ते दुसरे माणूस म्हणजे त्या काळची नोकर-चाकरांची सारी व्यवस्था. गळ्याभोवतीची ती पांढऱ्याशुभ्र चुण्यांची चकती पाहा. ती उभी राहते खळीच्या जोरावर. डिंगेन व्हान डेर प्लासे ही नेदरलंड्समधून आलेली बाई 1564 साली लंडनला पोहोचली, आणि खळ देण्याची विद्या शिकवण्याबद्दल चार-पाच पौंड घेऊ लागली, असे बखरकार जॉन स्टो याने नमूद केले आहे. पावसाची एक सर आली की त्या चकतीचे चिंधूक होई. ती घातलेल्या माणसाला खाली वाकून काही उचलता येत नाही, स्वतःची छातीही दिसत नाही. जुन्या चित्रांतील त्या ताठ माना गर्विष्ठपणाच्या आहेत असे वाटते. त्यातील निम्मा गर्व खळीचा आहे.

जॅनेट आर्नल्ड या इंग्रज विदुषीने संग्रहालयांतील जीर्ण वस्त्रे टाका-टाका मोजून त्यांचे बेत प्रसिद्ध केले. त्यांपैकी 1560 ते 1620 या काळाचा खंड 1985 साली आला. जत्रेतील शिवणकामाला तेव्हापासून एक निराळीच शिस्त आली. लंडनला 1997 साली उघडलेल्या नव्या ग्लोब नाट्यगृहात काही नाटकांचे पोशाख जुन्याच पद्धतीने, हाताने शिवून केले गेले. अशा कपड्यात नट निराळा चालतो, निराळा बसतो, श्वास घेण्यासाठी वाक्य निराळ्या जागी तोडतो. हा पुरावा दस्तऐवजांच्या दप्तरात मिळत नाही.

एक उणीव मात्र नजरेआड करता येत नाही. जत्रेत राण्या पुष्कळ आणि धोबिणी थोड्या. श्रीमंताचे वस्त्र पेटीत जपले गेले, त्याचे चित्र काढले गेले. गरिबाचे वस्त्र धाकट्याच्या अंगावरून पोतेऱ्यात गेले. त्यामुळे त्याचे बेत सापडत नाहीत, आणि सापडले तरी ते घालण्याची हौस कोणाला! तरीही या राण्यांना हसण्याचे कारण नाही. 1574 च्या जाहीरनाम्याप्रमाणे ज्यांना मखमलीचा तुकडा लावण्याबद्दल दंड झाला असता, त्यांच्याच दर्जाची ही माणसे. कारकून, शिक्षिका, यंत्रांवर काम करणारे. आठवडाभर कार्यालयाचा ठराविक पोशाख घालणाऱ्या बाईने शनिवारी जांभळे रेशीम ल्यावे, आणि कोणत्याही शिपायाने तिला अडवू नये, ही गोष्ट ज्या काळाचे ती सोंग आणते त्या काळी अशक्य होती.

अडवणूक अगदीच होत नाही असे मात्र नाही. अमेरिकेत यादवी युद्धाच्या लढाया हुबेहूब वेषात पुन्हा उभ्या करण्याची चाल 1961 पासूनच्या शताब्दीत बळावली. तेथे लोकरी गणवेषाच्या विणीवरून, गुंड्यांच्या घडणीवरून वाद होतात. 1989 च्या ऑगस्टमध्ये मेरीलँडमधील अँटिटमच्या रणभूमीवर लॉरेन कुक बर्जेस नावाची स्त्री दक्षिणेच्या सैन्यातील बासरीवाल्या सैनिकाच्या वेषात सहभागी झाली. गणवेष चोख होता. स्त्रियांच्या स्वच्छतागृहातून बाहेर पडताना ती ओळखली गेली, आणि स्त्रीने सैनिकाचा वेष करणे इतिहासास धरून नाही, असे सांगून राष्ट्रीय उद्यानाच्या अधिकाऱ्यांनी तिला मनाई केली. तिने दावा लावला. 1993 साली वॉशिंग्टनच्या संघीय न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला.

दाव्याचा निकाल लागला तरी इतिहासाचा प्रश्न उरतच होता, आणि तो तिने स्वतःच हाती घेतला. त्या युद्धात पुरुषवेषाने लढलेल्या स्त्रिया होत्या काय? डिॲन ब्लँटन या अभिलेखपालाच्या सहकार्याने तिने शोध घेतला. 2002 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथात अशा सुमारे 250 स्त्रियांच्या नोंदी आहेत. भरतीच्या वेळची वैद्यकीय तपासणी पुष्कळदा वरवरची असे, आणि तुमान घातलेली व्यक्ती स्त्री असेल ही कल्पनाच कोणाच्या मनाला शिवत नसे. ज्या वस्त्राने माणसे बांधली होती त्या वस्त्रानेच या स्त्रियांना मोकळे केले.

त्यांच्यापैकी एक सारा रोझेटा वेकमन. न्यूयॉर्क राज्यातील शेतकऱ्याची ही मुलगी 1862 साली ‘लायन्स वेकमन’ या नावाने 153 व्या न्यूयॉर्क पलटणीत दाखल झाली. तिने घरी लिहिलेली पत्रे तिच्या कुटुंबाने जपून ठेवली. ती 1994 साली लॉरेन कुक बर्जेस हिच्याच संपादनाखाली प्रसिद्ध झाली. 1864 च्या जूनमध्ये न्यू ऑर्लिन्सच्या लष्करी रुग्णालयात अतिसाराने तिचा अंत झाला. तेथेही तिचे गुपित उघडे झाल्याची नोंद नाही. शहरालगतच्या शॅमेट येथील सैनिकी दफनभूमीत तिच्या थडग्यावर पांढरा दगड आहे, आणि त्यावर नाव कोरलेले आहे ते लायन्स वेकमनचे.