माथेरानमधील वाहनबंदी

माथेरानमधील वाहनबंदी म्हणजे महाराष्ट्राच्या रायगड जिल्ह्यातील माथेरान या गिरिस्थानी इंधनावर चालणाऱ्या वाहनांना असलेली मनाई होय. नेरळहून घाट चढून येणाऱ्या मोटारी व दुचाक्या दस्तुरी नाक्यावर थांबवल्या जातात. तेथून सुमारे अडीच-तीन किलोमीटरवर असलेल्या बाजारपेठेपर्यंतचे अंतर पायी, घोड्यावर, छोट्या रेल्वेने किंवा अलीकडे ई-रिक्षाने कापावे लागते. रुग्णवाहिका व अग्निशमन बंब यांसारख्या अत्यावश्यक सेवांना यातून सूट आहे. पर्यावरणस्नेही पर्यटनाचे उदाहरण म्हणून माथेरानचा उल्लेख नेहमी होतो. मात्र वाहनांऐवजी ओझे कोणी वाहायचे, हा या बंदीशी जोडलेला प्रश्न दीर्घकाळ अनुत्तरित राहिला.

पार्श्वभूमी

माथेरान समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीवर, जांभा खडकाच्या पठारावर वसले आहे. ठाण्याचा तत्कालीन जिल्हाधिकारी ह्यू मॅलेट याने १८५० मध्ये हे ठिकाण पाहिले आणि त्यानंतर येथे बंगले उभे राहू लागले. आसपासच्या ठाकूर, कातकरी व धनगर वस्त्यांना अर्थातच हा डोंगर आधीपासून परिचित होता. सुरुवातीचे प्रवासी नेरळहून घोड्यावर, पालखीत किंवा पायी वर येत. १९०५ मध्ये येथे नगरपालिका स्थापन झाली. २०११ च्या जनगणनेनुसार गावाची लोकसंख्या ४,३९३ होती. सुट्टीच्या दिवसांत येणाऱ्या पर्यटकांची संख्या त्याहून पुष्कळ मोठी असते.

नेरळ–माथेरान हा दोन फूट रुंदीचा लोहमार्ग अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी उभारला. त्यासाठीचे सुमारे १६ लाख रुपये त्यांचे वडील सर आदमजी पीरभॉय यांनी दिले. १९०७ मध्ये सुरू झालेला हा सुमारे २१ किलोमीटरचा मार्ग जुम्मापट्टी, वॉटर पाइप व अमन लॉज या स्थानकांवरून वर जातो. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत त्याची मोठी हानी झाली व गाडी २००७ मध्ये पुन्हा सुरू झाली. २०१६ मधील रुळावरून घसरण्याच्या घटना आणि २०१९ मधील पावसाळी पडझड यांमुळेही सेवा खंडित झाली. दुसऱ्या खंडानंतर ती ऑक्टोबर २०२२ मध्ये पूर्ववत झाली. पावसाळ्यात नेरळहून येणारी गाडी बंद असते, परंतु अमन लॉज ते माथेरान ही फेरी सहसा चालू ठेवली जाते.

कायदेशीर संरक्षण

माथेरानमध्ये मोटारी न येऊ देण्याची प्रथा जुनी असली तरी तिला भक्कम आधार मिळाला तो ४ फेब्रुवारी २००३ च्या केंद्रीय अधिसूचनेने. पर्यावरण संरक्षण अधिनियमाखाली माथेरान व सभोवतालचा २१४.७३ चौरस किलोमीटरचा प्रदेश पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून घोषित झाला. या अधिसूचनेमुळे वृक्षतोड, खाणकाम व नव्या बांधकामांवर निर्बंध आले आणि त्यांवर लक्ष ठेवण्यासाठी सनियंत्रण समितीची तरतूद झाली. बॉम्बे एन्व्हायर्न्मेंटल ॲक्शन ग्रुप या संस्थेचा पाठपुरावा यामागे होता. पठारावरील निमसदाहरित जंगल आणि त्यात वावरणारे शेकरू आजही मुंबईच्या इतक्या जवळ टिकून आहेत, यात या निर्बंधांचा वाटा मोठा आहे.

घोडे, हातरिक्षा आणि ई-रिक्षा

मोटारींच्या अभावी वाहतुकीचा भार घोडे व माणसांवर पडला. प्रवासी वाहतुकीसाठी साडेचारशेहून अधिक घोडे परवानाधारक आहेत. सामान वाहणारे घोडे व हमाल वेगळे. ज्यांना चालणे अथवा घोड्यावर बसणे शक्य नसे, त्यांच्यासाठी हातरिक्षा होती. गावात ९४ परवानाधारक हातरिक्षा होत्या. चढावर एक रिक्षा ओढण्यास व ढकलण्यास मिळून साधारणतः तिघे लागत. शाळेतील मुले, वृद्ध व आजारी रहिवासी यांनाही बहुतेक वेळा हाच पर्याय उरे, म्हणून हा प्रश्न केवळ पर्यटकांच्या सोयीचा नव्हता.

हातरिक्षाचालकांनी ई-रिक्षाची परवानगी मागितली. घोडेवाल्यांनी मात्र आपला व्यवसाय बुडेल व पुढे इतर वाहनांनाही वाट मोकळी होईल, या कारणांनी विरोध केला. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये प्रायोगिक तत्त्वावर अनुमती दिली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सात ई-रिक्षा धावू लागल्या. पुढे न्यायालयाने ही संख्या २० पर्यंत मर्यादित ठेवून त्या हातरिक्षाचालकांनाच द्याव्यात, असे सांगितले. ६ ऑगस्ट २०२५ रोजी सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या अध्यक्षतेखालील खंडपीठाने माणसाने माणसाला ओढण्याची ही पद्धत मानवी प्रतिष्ठेच्या विरुद्ध ठरवली, ती सहा महिन्यांत थांबवण्याचा आदेश दिला आणि गुजरातमधील केवडियाच्या धर्तीवर रिक्षाचालकांच्या पुनर्वसनाची योजना आखण्यास राज्य शासनास सांगितले.

रस्त्यांचाही वाद याच प्रकरणात आला. लाल माती पावसात वाहून जाते व उन्हाळ्यात तिची धूळ लिदीत मिसळून उडते, म्हणून पेव्हर ब्लॉक बसवण्यात आले. त्यांवरून घोडे घसरतात, पाणी मुरत नाही व गावाचे रूप बदलते, असे आक्षेप होते. न्यायालयाने दस्तुरी नाक्यापासून छत्रपती शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंतच्या मुख्य रस्त्यावर ते मान्य केले, परंतु अंतर्गत व जंगलातील वाटांवर त्यांना मनाई केली.

मुक्काम

माथेरानमधील अनेक निवासस्थाने जुन्या बंगल्यांतच आहेत: रुंद व्हरांडा, मोठे आवार, भोवती झाडी. बाजारपेठेत स्थानिक कुटुंबेही राहण्यासाठी खोल्या देतात. नव्या बांधकामांवर निर्बंध असल्याने असलेल्या इमारतींचा पुनर्वापर येथे अपरिहार्य ठरला. आज ज्याला पर्यावरणस्नेही निवास म्हणतात त्याचा हा एक जुना नमुना मानता येतो. गॅसच्या टाकीपासून भाजीपाल्यापर्यंत दस्तुरीनंतर सर्व काही घोड्याच्या पाठीवरून, हातगाडीवरून किंवा डोक्यावरून येते, त्यामुळे वस्तू महाग पडतात.

पाणी हा दुसरा मर्यादाकारक घटक आहे. शार्लोट तलाव हा गावाचा जुना स्रोत असून त्याच्या जोडीला उल्हास नदीचे पाणी उपसून डोंगरावर चढवले जाते. ओल्या कचऱ्यासाठी भाभा अणुसंशोधन केंद्राने विकसित केलेल्या ‘निसर्गऋण’ तंत्राचा बायोगॅस प्रकल्प येथे उभारण्यात आला. प्लॅस्टिकचे मात्र तसे नाही. वर आणलेली प्रत्येक बाटली पुन्हा खाली न्यावी लागते, अन्यथा ती दरीतच जाते.

पोहोचण्याचे मार्ग

मुंबईहून मोटारीशिवाय जाणे सहज शक्य आहे. मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावरील प्रवासी दादर, कुर्ला किंवा ठाणे येथून कर्जत अथवा खोपोली लोकलने थेट नेरळला उतरतात. हार्बर मार्गावरील वडाळा रोड, शिवडी यांसारख्या स्थानकांवरून निघणाऱ्यांना कुर्ल्याला गाडी बदलावी लागते. नेरळहून छोटी रेल्वे किंवा दस्तुरी नाक्यापर्यंत भागीदारीतील टॅक्सी मिळते. गावात प्रवेश करताना नगरपरिषदेचा प्रवासी कर भरावा लागतो.

सुट्टीच्या दिवसांत नेरळ–दस्तुरी घाटात खासगी मोटारींच्या रांगा लागतात. वाहनबंदीची हद्द नाक्यापासून सुरू होत असल्याने धूर व कोंडी यांचा भार घाटरस्त्यावर व पायथ्याच्या नेरळ गावावर पडतो.