बदल, बदली, बद्दल

कंधारच्या बसस्थानकात गाडी सुटायला उशीर झाला तेव्हा वाहक म्हणाला, "नेहमीचे ड्रायव्हर रजेवर आहेत, बदली यायचाय." शेजारच्या बाकावर एक गुरुजी बसले होते. त्यांनाही बदली हवी होती, किनवटहून इकडे. वाहकाची बदली म्हणजे माणूस, गुरुजींची बदली म्हणजे हुकूम. दोन्हींचं कूळ एकच.

हे कूळ अरबी. ब-द-ल या तीन व्यंजनांत एकाच्या जागी दुसरं ठेवण्याचा अर्थ आहे. फारसी दरबारांतून तो मराठीत उतरला. कंधारच पाहा, तिथला किल्ला राष्ट्रकूटांच्या काळापासूनचा. पुढे तिथे बहमनी आले, फारसी शिलालेख लागले, आणि सप्टेंबर 1948 पर्यंत अंमल राहिला निजामाचा. कचेरीच्या उर्दूत 'तबादला', रयतेच्या तोंडी 'बदली', आणि धरणात रान गेलं की सरकारकडे मागायचा तो 'मोबदला'. तिन्ही सख्खी भावंडं. 'बदला घेणे' हेही त्यांच्यातलंच.

इंग्रजीत 'बदल'साठीचा 'चेंज' हा शब्द अंगावर काहीही न चढवता नाम होतो आणि क्रियापदही होतो. 'राउंड' तर नाम, विशेषण, क्रियापद, क्रियाविशेषण आणि शब्दयोगी अव्यय अशी पाचही कामं करतो. जुन्या इंग्रजीचे बहुतेक प्रत्यय झडून गेले, म्हणून तिथे शब्दाची जात वाक्यातली जागा ठरवते. मराठी क्रियापदाला प्रत्यय लागतोच. आपण 'कपडे चेंज करतो'. 'चेंजतो' कुणी म्हणत नाही. पाहुण्या शब्दाला 'करणे'चा हात धरावा लागतो. 'बदल' मात्र इतका मुरला की सरळ 'बदलतो' झाला. 'खर्च' आणि 'तपास' हेही असेच मुरलेले.

पण मला या कुळात सर्वांत मोलाचा वाटतो तो 'बद्दल'. नाम होता, द जोडून घेतला आणि शब्दयोगी अव्यय झाला. शाळेतलं व्याकरण त्याला आजही 'ऐवजी', 'जागी' यांच्या पंगतीला, विनिमयवाचकांत बसवतं. ते बरोबरच आहे. गव्हाबद्दल ज्वारी दिली, म्हणजे गव्हाच्या जागी दिली. चुकीबद्दल दंड, मदतीबद्दल आभार : इथेही देवघेव आहेच, चुकीच्या मोबदल्यात दंड, मदतीच्या मोबदल्यात आभार. आता 'चुकीबद्दल बोलला' म्हणून पाहा. देणंघेणं संपलं, चूक नुसता विषय उरली. एवढ्या एका पावलात अदलाबदलीचा शब्द 'विषयी' या अर्थाला पोचला, आणि आज आपण माणसाबद्दल, पावसाबद्दल, देवाबद्दल बोलतो.

'बदली' तर गिरण्यांच्या वाटेने इंग्रजीतही शिरली. 1947च्या औद्योगिक विवाद कायद्यात 1953च्या दुरुस्तीने आलेल्या 25-सी कलमात 'बदली वर्कमन' असा शब्दच होता. इंग्रजीने त्याला 'वर्कमन'च्या आधी उभं केलं आणि तो विशेषण झाला. एखादा वाहक 'बदली ड्रायव्हर' म्हणतो तेव्हा मराठीही प्रत्यय मागत नाही. हजेरीपटावर नाव असलेल्या कामगाराच्या जागी लावलेला तो बदली, अशी कलमातली व्याख्या होती. आणि त्याने सलग वर्षभर काम पुरं केलं, की त्या कलमापुरता तो बदली राहत नसे.