वास हरवलेल्यांचा इतिहास

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

साथींचा इतिहास आपण मृत्यूंच्या आकड्यांनी मोजतो. ते साहजिकही आहे. पण ताप उतरला, घरच्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि तरीही ज्यांचं काहीतरी कायमचं मागे राहिलं, त्यांची नोंद कुठं सापडते? म्हणूनच आज मी एका क्षुल्लक समजल्या जाणाऱ्या तक्रारीबद्दल बोलणार आहे: वास न येण्याबद्दल.

मेंदूतून थेट निघणाऱ्या मज्जातंतूंच्या बारा जोड्या आहेत. त्यांतली पहिली वासाची. नाकाच्या छताला चाळणीसारखं सच्छिद्र हाड असतं. त्यातून तिचे धागे मेंदूकडे जातात. म्हणजे ही जोडी श्वासाच्या अगदी वाटेवर आहे. श्वसनमार्गाच्या साथीत तिला झळ बसते ती त्यामुळेच.

१८८९ च्या अखेरीस सेंट पीटर्सबर्गमध्ये फैलावलेली 'रशियन फ्लू'ची साथ रेल्वे आणि आगबोटींबरोबर जगभर गेली. १८९० मध्ये ती मुंबईतही आली. लंडनचे मज्जाविकारतज्ज्ञ ज्युलियस आल्थाउस यांनी तिच्या दुष्परिणामांवर पुस्तक लिहिलं. वास आणि चव गेल्याच्या तक्रारी त्या काळच्या वैद्यकीय नोंदींत आहेत. ती साथ कोरोना विषाणूची असावी, असं काही संशोधकांना वाटतं. मात्र ते सिद्ध झालेलं नाही. वास तर फ्लूमध्ये आणि साध्या सर्दीतही जातो.

पुढं ही तक्रार मागे पडली. २०२० च्या मार्चमध्ये ब्रिटनमधल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांनी वास जाणं हे कोविडचं लक्षण असू शकतं, असा इशारा दिला. तिथल्या सरकारी यादीत ते १८ मे रोजी आलं, आपल्याकडे १३ जूनला. मधल्या आठवड्यांत ताप नाही, फक्त वास येत नाही, अशी माणसं स्वतःला निरोगी समजून वावरत होती. एका दुर्लक्षित तक्रारीची ही किंमत.

त्याच वर्षी आणखी एक गोष्ट कळली. कोविडचा विषाणू वास ओळखणाऱ्या पेशींपेक्षा त्यांना आधार देणाऱ्या पेशींमध्ये अधिक शिरतो. त्यामुळे बहुतेकांचा वास काही आठवड्यांत परतला. काहींचा मात्र वर्ष उलटूनही नाही. अशांसाठी ड्रेस्डेनच्या थॉमस हुमेल यांनी २००९ मध्येच एक साधा सराव सुचवला होता. गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग असे चार वास रोज दोनदा, बारा आठवडे लक्षपूर्वक घ्यायचे. सर्वांनाच गुण येतो असं नाही, पण पुष्कळांना येतो.

ज्याला वास येत नाही, त्याला दूध नासल्याचं कळत नाही, गॅस गळत असल्याचं कळत नाही. जेवणाची गोडी जाते आणि त्यावर कुणी सहानुभूतीही दाखवत नाही. घरात असं कुणी असेल, तर 'होईल बरं' म्हणून विषय संपवू नका. डॉक्टरांना दाखवा आणि त्यांना ती तक्रार केसपेपरवर लिहायला सांगा.