33 वर्षं चढा सूर

माइल्स डेव्हिसच्या 'काइंड ऑफ ब्लू'च्या माझ्याकडे तीन प्रती आहेत. "अरे, तिन्हींत तीच गाणी ना?" आई विचारते. तीच गं, पण...

2 मार्च 1959. न्यूयॉर्कमधला कोलंबियाचा 30व्या रस्त्यावरचा स्टुडिओ (मूळचं चर्च!). रेकॉर्डिंग चालू असताना मुख्य टेपयंत्र किंचित हळू फिरत होतं. हळू भरलेली टेप योग्य वेगात वाजवली की सूर चढतो. त्यामुळे रेकॉर्डची पहिली बाजू, म्हणजे 'सो व्हॉट' धरून तीन रचना, चढीच निघाली. दुसरी बाजू 22 एप्रिलची, ती ठीक. म्हणजे रेकॉर्ड लावून सोबत ट्रम्पेट वाजवायला बसलात तर पहिल्या बाजूला सूर जुळणारच नाही.

सुदैवाने त्या दिवशी बॅकअपचं यंत्रही चालू होतं आणि त्याचा वेग बरोबर होता. ती टेप वापरून 1992 मध्ये दुरुस्त सीडी निघाली. आमच्याकडे प्रॉडक्शनमध्ये बग दोन दिवस राहिला तरी मीटिंगवर मीटिंग. हा 33 वर्षं राहिला!

मग खरी प्रत कुठली? माइल्सने वाजवलं तसं ऐकायचं तर अर्थातच दुरुस्त केलेली. पण मी आधी ऐकली ती जुनी, सेकंडहँड एलपी. दुरुस्त 'सो व्हॉट' मला अजून जरा झोपाळू वाटतं. रात्री लावतो ती जुनीच.