वारं गेलं म्हणायचे तेव्हा

आमच्या भागात कुणाची एक बाजू लुळी पडली की 'अंगावरून वारं गेलं' म्हणत. मग कुणी तेल चोळायला बसे, कुणी कबुतराचं रक्त लावायला सांगे आणि दुसऱ्या दिवशी जीप ठरवून लकव्याचं औषध देणाऱ्या गावी न्यायचं. कॅज्युअल्टीत परिचारिका म्हणून नोकरी केली, पण या लोकांना मी कधी अडाणी म्हटलं नाही. ही रीत पडली त्या काळात डॉक्टरांच्या हातातही फारसं काही नव्हतं.

या आजाराची ओळख मात्र जुनीच. माधवनिदान या जुन्या आयुर्वेद ग्रंथात पक्षाघात वेगळा सांगितला आहे आणि तोंड वाकडं होण्याचं अर्दितही वेगळं. स्वित्झर्लंडच्या शाफहाउझेन गावातल्या योहान वेप्फर या वैद्याने शवविच्छेदनं करून 1658 मध्ये दाखवून दिलं की असा झटका येऊन गेलेल्यांच्या मेंदूत रक्तस्राव झालेला असू शकतो. एक कारण कळलं, पण उपाय मिळाला नाही.

12 एप्रिल 1945 रोजी जॉर्जियातल्या वॉर्म स्प्रिंग्ज इथे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट बसल्या जागी म्हणाले, डोकं मागून भयंकर दुखतंय. थोड्याच वेळात शुद्ध हरपली. त्यांचे डॉक्टर ब्रून लगेच आले. त्यांनी रक्तदाब मोजला तो 300 वर 190. दुपारीच सगळं संपलं. जिथे अमेरिकेच्या अध्यक्षांसाठी काही करता आलं नाही, तिथे आमच्या वाडीतल्या माणसाने घाई कशासाठी करायची?

घाईला अर्थ आला तो सीटी स्कॅनमुळे. 1971 मध्ये लंडनला जिवंत माणसाच्या मेंदूचं पहिलं स्कॅन झालं, आणि झटका रक्तवाहिनीत गुठळी अडकून आला की रक्तस्रावाने, हे आतून दिसू लागलं. हा फरक जिवावरचा आहे: गुठळी विरघळवणारं औषध रक्तस्रावात दिलं तर माणूस जातो. ते औषध उपयोगी पडतं हे अमेरिकेतल्या चाचणीने 1995 मध्ये सिद्ध केलं, पण तीन तासांच्या आत दिलं तरच. पुढे काही रुग्णांसाठी मुदत साडेचार तासांवर गेली. म्हणजे ही घाई अवघ्या तीस वर्षांची आहे, आणि चोळण्याची रीत पिढ्यान् पिढ्यांची.

वॉर्डात नव्या मुलींना मी शिकवायचे: हसायला सांगा, ओठाचा एक कोपरा खाली राहतो का बघा. डोळे मिटून दोन्ही हात समोर धरायला लावा, एक आपोआप खाली येईल. एक साधं वाक्य म्हणवून घ्या. अचानक एका डोळ्याने दिसेनासं होणं, तोल जाणं, कधी नव्हे असं डोकं दुखणं, हीही या झटक्याचीच लक्षणं. पाणी पाजायचं नाही. गिळता येत नसेल तर ते फुप्फुसात जातं. घरची ॲस्पिरिनही नाही, स्कॅन आधी.

सगळ्यात फसवा तो दहा मिनिटांत बरा होणारा झटका. हात सुटला, बोलणं आलं, की घरचे म्हणतात, 'अशक्तपणा असेल.' अशा माणसाला पुढच्या दोन दिवसांतच मोठा झटका येण्याची भीती असते. त्यालाही त्याच क्षणी आणायचं, 108 ला फोन करून.

कॅज्युअल्टीच्या दारात मी आधी एकच विचारायचे: शेवटचे धड कधी होते? एका घरातली शाळकरी नात चटकन म्हणाली, "सातच्या बातम्या लागल्या तेव्हा आजोबा माझ्याशी नीट बोलत होते, सिस्टर." डॉक्टरांनी तिथून वेळ धरली आणि स्ट्रेचर थेट स्कॅनच्या खोलीकडे वळवलं.