हत्यार की अवजार? : कामाच्या चाकूचा इतिहास



आजचा विषय अगदी लहान आहे, खिशात मावणारा. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलेला माणूस चाकूवर व्याख्यान देणार हे कळल्यावर घरी माझी थट्टा झाली. "पुढच्या वेळी विळीवर बोला," असे सांगण्यात आले. विळीवरही बोलता येईल, पण ती स्वयंपाकघर सोडून जात नाही. चाकू मालकाबरोबर कामावर जातो, आणि सगळी भानगड तिथेच सुरू होते.

एका आठवणीपासून सुरुवात करतो. मी शिकवत होतो त्या महाविद्यालयात एक वायरमन होते. सगळे त्यांना मामा म्हणत. त्यांच्या खिशात लाकडी मुठीचा, मिटणारा चाकू असे. एकदा माझ्या वर्गातला पंखा बंद पडला म्हणून ते आले. तार सोलताना चाकूचे पाते त्यांनी तारेभोवती गोल फिरवले नाही. पेन्सिल तासावी तसे तिरके धरून वरचे आवरण काढले. मी कारण विचारले. ते म्हणाले, "सर, गोल फिरवला की आतल्या तांब्याला खाच पडते. आज काही होत नाही. पुढे कधीतरी तिथेच तुटते, आणि तेव्हा मी समोर नसतो."

हे शेवटचे वाक्य लक्षात ठेवा. आपण त्याच्याकडे परत येणार आहोत.

आता शब्दांकडे वळू. मराठीत तलवारीला हत्यार म्हणतात, आणि सुतार आपल्या करवत-रंध्यालाही 'माझी हत्यारं' म्हणतो. पुष्कळांना वाटते की हा शब्द 'हत्ये'वरून आला. तसे नाही, त्याचे नाते 'हाता'शी आहे. जे हाताने चालवायचे ते हत्यार. मग ते लाकडावर चालले की माणसावर, हे त्या शब्दाला ठाऊक नसते. खंडेनवमीला आपण शस्त्रे पुजतो आणि त्याच दिवशी गिरणीतले यंत्र, गवंड्याची थापी, शिवणयंत्रही पुजतो. दोन्हींना एकच झेंडूचे फूल. आपल्या परंपरेने ही दोन रूपे वेगळी काढण्याचा हट्ट धरला नाही.

दुसरा शब्द बघा: कलम. कलम म्हणजे लेखणी. कलम म्हणजे आंब्याचे कलम. शिर कलम करणे म्हणजे कापणे. आणि कायद्याचे कलम. एकाच शब्दाच्या या चार अर्थांपैकी पहिल्या तिघांच्या मागे एक पाते उभे आहे. चौथ्याकडे, म्हणजे कायद्याकडे, आपण शेवटी येऊ.

लेखणीचे घ्या. आपले कारकून मोडी लिहायचे ते बोरूने. बोरू म्हणजे वेताची किंवा बरूची काडी. तिला टोक काढायचे, टोकाला तिरका काप द्यायचा, मधोमध चीर पाडायची म्हणजे शाई उतरते. लिहिता लिहिता टोक बोथट होते, की पुन्हा तासायचे. म्हणून कलमदानाजवळ चाकू हवाच. त्याला फारसीतून आलेला शब्द होता, कलमतराश. माझ्या वयाच्या काही श्रोत्यांनी शाळेत बोरूने कित्ता गिरवला असेल. दुसऱ्याने तासलेला बोरू आपल्या हाताला बसत नाही, हेही त्यांना आठवत असेल. काप किती तिरका हवा हे ज्याच्या त्याच्या हातावर अवलंबून असते.

युरोपातही हेच होते. तिथे पिसाची लेखणी होती आणि ती तासण्यासाठी लहान चाकू. इंग्रजीत खिशातल्या लहान चाकूला आजही 'पेननाइफ' म्हणतात, ते यामुळेच. म्हणजे कचेरीत बसून काम करणारा, हाताला माती न लागणारा माणूससुद्धा रोज चाकू चालवत होता. एकोणिसाव्या शतकात बर्मिंगहॅमच्या कारखान्यांतून पोलादी निबांचे ढीग बाहेर पडू लागले आणि हळूहळू कारकुनाचा चाकू गेला. निब झिजली की फेकायची, नवी लावायची. सोय झाली यात शंका नाही. पण आपले साधन आपणच घडवण्याचे आणि दुरुस्त करण्याचे जे एक लहानसे कौशल्य होते, ते टेबलावरून उठले.

दुसऱ्या कलमात मात्र चाकू टिकला. कोकणात कोय कलम बांधणारा माळी बघा. रोप आणि काडी यांचे काप एकमेकांवर असे बसले पाहिजेत की सालीखालचा जिवंत थर जुळेल. पाते बोथट असेल तर काप चिरडतो आणि कलम मरते. इथे धारदारपणा हीच काळजी आहे. ज्याला आपण धोका समजतो, त्यावरच झाडाचा जीव अवलंबून असतो.

आता हे चाकू करत कोण होते? इंग्लंडमधले शेफील्ड हे या धंद्याचे जुने गाव. चौदाव्या शतकाच्या अखेरीस चॉसरने आपल्या 'कँटरबरी टेल्स'मध्ये एक गिरणीवाला रंगवला आहे. त्याच्या पायमोज्यात शेफील्डचा चाकू आहे. गंमत अशी की हा चाकू लाकूड तासायचा आहे, पण त्याच माणसाजवळ खंजीर आणि तलवारही आहे, आणि लोक त्याला हात लावायला भितात. सहाशे वर्षांपूर्वीच्या या चित्रातसुद्धा अवजार आणि शस्त्र एकाच अंगावर आहे.

या चाकूंना धार लावणाऱ्यांचे काय झाले, तेही सांगायला हवे. फ्रेडरिक एंगेल्सने 1845 च्या आपल्या पुस्तकात शेफील्डमधल्या एका डॉक्टरांच्या आधारे लिहिले आहे, की कोरड्या दगडावर धार लावणारे कामगार जेमतेम 35 वर्षे जगत आणि ओल्या दगडावरचे क्वचितच 45 च्या पुढे जात. दगडाची आणि धातूची धूळ छातीत जाई. ज्या चाकूने दुसऱ्याची लेखणी तासली जायची, त्याच्या धारेमागे कुणाची तरी फुफ्फुसे होती. कामाच्या साधनाचा इतिहास सांगताना आपण हे नेहमी विसरतो.

या शेफील्डमधली रॉजर्स ही पेढी जगभर नावाजलेली होती. अमेरिकन विचारवंत थोरो याने 1854 च्या 'वॉल्डन'मध्ये तिचे नाव घेऊन एक प्रश्न विचारला आहे. एका मुलाने स्वतः खनिज खणून, वितळवून चाकू केला आणि त्यासाठी लागेल तेवढे वाचले. दुसऱ्याने धातुशास्त्रावरची व्याख्याने ऐकली आणि वडिलांकडून रॉजर्सचा चाकू भेट मिळवला. महिन्याभराने पुढे कोण गेलेला असेल? आणि बोट कोण कापून घेईल? व्याख्यानाला बसलेल्यांना हा प्रश्न जरा बोचरा आहे, आणि व्याख्यान देणाऱ्याला त्याहून जास्त.

पुढचा टप्पा स्वित्झर्लंडचा. 1889 साली स्विस सैन्याने नवी बंदूक स्वीकारली. ती सोडवायला स्क्रू ड्रायव्हर लागत होता. म्हणून सैनिकासाठी एक मिटणारा चाकू ठरवला गेला: एक पाते, एक आरी, डबा उघडायची पट्टी आणि स्क्रू ड्रायव्हर. पहिले चाकू जर्मनीतल्या झोलिंगेनहून आले. इबाख गावचे कार्ल एल्सनर यांना ते काम आपल्या देशात व्हावे असे वाटत होते. 1891 मध्ये त्यांनी पुरवठा सुरू केला. झोलिंगेनचा माल स्वस्त पडत असल्यामुळे सोबतचे कारागीर बाजूला झाले आणि एल्सनर कर्जात बुडण्याच्या बेतात आले. 1897 मध्ये त्यांनी हलका 'ऑफिसर चाकू' काढला आणि त्यावर ते तरले. तेव्हा, हा जगातला बहुधा सर्वांत प्रसिद्ध 'लष्करी' चाकू जन्माला आला तो बंदुकीची दुरुस्ती करायला आणि जेवणाचा डबा उघडायला. सैनिकाकडे लढायला शस्त्र होतेच. चाकू त्याच्यातल्या कामगारासाठी होता.

आता कायद्याचे कलम. साधा मिटणारा चाकू वापरताना एक भीती असते. जोर लावला की पाते मागे मिटते आणि बोटावर येते. फ्रान्सच्या साव्हुआ भागातला ओपिनेल चाकू 1890 पासूनचा. त्याला 1955 मध्ये फिरणारे कडे बसवले गेले. ते फिरवले की उघडलेले पाते मिटत नाही. कामगाराची बोटे वाचली. पण इंग्लंडच्या 1988 च्या कायद्यात तीन इंचांपर्यंतच्या पात्याचा मिटणारा चाकू खिशात बाळगायला सूट आहे, आणि तिथल्या न्यायालयांनी ठरवले की पाते अडकून राहणारा चाकू या सुटीत बसत नाही. म्हणजे जी खटकी वापरणाऱ्याला सुरक्षित करते, तीच वस्तूला संशयित बनवते. त्याच कायद्यात पुढे एक बचाव मात्र दिला आहे: चाकू कामावर वापरण्यासाठी जवळ असेल तर.

आपल्याकडेही तसेच. 1959 च्या शस्त्र कायद्याखालच्या नियमांत नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याचे चाकू शस्त्रांच्या यादीत येतात, पण घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेले वगळून. बघा, कायदासुद्धा फूटपट्टी घेऊन निघतो आणि शेवटी 'कशासाठी?' या प्रश्नापाशी येतो. लांबी मोजता येते. हेतू मोजता येत नाही, तो माणसाला विचारावा लागतो.

11 सप्टेंबर 2001 नंतर विचारणे कमी झाले. त्याआधी अमेरिकेत चार इंचांहून लहान पात्याचा चाकू विमानात नेता येत असे. 2013 च्या मार्चमध्ये तिथल्या यंत्रणेने अगदी लहान चाकूंना पुन्हा परवानगी द्यायचे जाहीर केले, आणि जूनमध्ये ते मागे घेतले. विरोध करणाऱ्यांत पुढे कोण होते? विमानातले सेवक-कर्मचारी. विमान ही त्यांची कामाची जागा होती आणि त्या बंद जागेत त्यांना पाते नको होते. मला त्यांचे म्हणणे पटते. म्हणून 'पूर्वी किती विश्वास होता, आता काही उरले नाही' असे रडगाणे मी गाणार नाही. प्रश्न चाकू हवा की नको एवढाच नाही. नियम करताना त्या जागी काम करणाऱ्याला विचारले का, हा आहे. विमानातल्या कर्मचाऱ्यांनी निदान आपले म्हणणे ऐकायला लावले.

मामांना कुणी विचारले नाही. मी निवृत्त होण्याच्या सुमारास फाटकावर तपासणी सुरू झाली. धारदार वस्तू वहीत नोंदवून तिथेच ठेवायच्या. मामांनी पहिल्या दिवशी निमूटपणे चाकू ठेवला. दुपारी ग्रंथालयात गेलो तर ते शिडीवर उभे राहून तार दातांनी सोलत होते. मी खालून पाहत राहिलो. ते माझ्याकडे बघून हसले, म्हणाले, "सर, आता खाच पडली तरी दिसणार नाही."

वहीत चाकूची नोंद बरोबर झाली होती. तांब्यावर पडलेल्या खाचेची नोंद कुठेच होणार नव्हती. तिरके पाते धरणाऱ्या त्या हातात, आपण समोर नसतानाच्या दिवसाची काळजी होती. चाकूबरोबर तीही आपण फाटकावर ठेवून घेतली, आणि त्याला सुरक्षितता म्हटले.

मी प्राचार्यांकडे जायला हवे होते. गेलो नाही, निवृत्तीला थोडेच दिवस उरले होते. ती खाच माझ्या खात्यावर.

चाकू दुसऱ्याला देताना आपण पाते आपल्याकडे आणि मूठ त्याच्याकडे करतो. लहानपणी घरात सगळ्यांना हे शिकवलेले असते. नियम करणाऱ्यांनीही एवढे केले तरी पुरे.

थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.